पिवळ्या पट्टीचा हात

कचेरीतल्या खिडकीचं शटर बंद होतं, त्याचं काही नाही, शटर जेवणाच्या सुट्टीतही बंद असतं. पण शटरवर फोटो चिकटवला होता. फोटोत पाठमोरी डोकी होती, डोक्यांच्या वर अकरा हात होते, आणि त्यातल्या एका हाताच्या अंगठ्याला पिवळी पट्टी होती. तिनं आधी स्वतःचा हात जॅकेटच्या खिशात घातला. मग फोटो बघितला. म्हणजे हाताला आधी कळलं आणि तिला नंतर. शेजारी मावशी प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरून उभी होती. पिशवीत कागद, कागदात ते पत्र. मावशीनं शटर बघितलं, कडीला हात लावून बघितला, आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "का गं, बंद?"

"दिसतंय ना बंद," ती खेकसली.

"मला शटर दिसतंय. काय लिहिलंय ते तुला दिसतंय. सांग की."

फोटोखाली चार ओळी होत्या. अक्षरं तिच्यासमोर कधी गप उभीच राहत नाहीत. एकावर बोट ठेवावं तर दुसरं हलतं, मुंग्यांच्या रांगेत काडी घातल्यासारखं. तरी 'बंद' वाचता आलं. 'मशीन' आलं. आणि शेवटचा लांबलचक शब्द तर न वाचताच कळला, कारण समितीच्या सभागृहात अध्यक्ष तो दर दहा मिनिटांनी म्हणायचे: सर्वानुमते. नऊ नंबरची खिडकी बंद करायचं सर्वानुमते ठरलं होतं. आता कोपऱ्यात एक मशीन होतं. बटण दाबलं की ते बाईच्या आवाजात कचेरीच्या भाषेत बोलायचं, आणि त्याच्यासमोर एक म्हातारा टोपी काढून उभा होता. मशीनसमोर टोपी काढून. तिला त्या म्हाताऱ्याचाच राग आला. तिचं असंच होतं, राग आधी येतो आणि जवळ जो सापडेल त्याच्यावर बसतो. म्हणूनच मावशीनं लहानपणी तिचं नाव ठिणगी पाडलं आणि ते चिकटलं.

नऊ नंबरला चारजिभ्या बसायचा. खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. चार भाषा बोलायचा, पाचवी तोडकीमोडकी, आणि फॉर्म भरताना जीभ दातात धरायचा म्हणून चारजिभ्या. वस्तीतल्या निम्म्या लोकांची नावं मतदारयादीत त्यानं चढवली होती. मावशीचंही. वीस वर्षं इथं राहून, इथल्या दवाखान्याच्या चादरी धुऊन, मावशीला गेल्या साली इथलं नागरिक केलं होतं. तेव्हापासून येत्या निवडणुकीत मत द्यायचं तिनं मनात धरून ठेवलं होतं. कुणाला देणार विचारलं तर म्हणायची, "ते सांगायचं नसतं म्हणे. मला तेच आवडलं. घरात एवढी माणसं, आजवर काही लपवायला मिळालं नव्हतं." आणि आता पत्र आलं होतं: तुमच्या नावावर हरकत आहे, महिनाअखेरपर्यंत लेखी उत्तर द्या, नाहीतर नाव कापलं जाईल. महिन्याचे नऊ दिवस उरले होते. "चारजिभ्या देईल लिहून," असं ठिणगीच सकाळी म्हणाली होती. सकाळी. चहा पिताना. किती सहज म्हणाली होती.

मावशी अजून फोटोसमोर उभी होती. जरा जास्तच वेळ. "तू आत बसतेस ना त्यांच्यात," ती शेवटी म्हणाली. "विचार की, असं का केलं म्हणून." "विचारते." "रागावू नको. नुसतं विचार." "विचारते म्हटलं ना!" हात खिशातच होता, आणि खिशात त्याला घाम आला होता.

ती आत कशी बसायला लागली ती गोष्ट वस्तीत सगळ्यांना पाठ होती. दोन वर्षांपूर्वी जिन्यातले दिवे तीन महिने बंद होते आणि इस्त्रीवालीची सासू पडली, तेव्हा ठिणगी सोळा वर्षांची होती. शाळा सुटून वर्ष झालं होतं. ती एकटी कचेरीत गेली आणि कुठल्या साहेबापुढं उभी आहे हे न बघता ओरडली. कचेरीची भाषा तिला येत होती, अस्सल, इथल्या पोरांच्या शिव्यांसकट. आठवड्यात दिवे लागले. मग अठरा पूर्ण झाल्यावर एक बाई फाइल घेऊन घरी आली आणि म्हणाली, प्रभागाच्या समितीवर सगळ्या समाजांचा आवाज हवा, तुझ्यासारखा आवाज हवा. मावशीनं त्या बाईला दोनदा चहा पाजला. वस्तीत सात भाषा, आणि सातही भाषांत तेच झालं, आपली पोरगी आत बसते.

आत बसते म्हणजे बसतेच. त्या सभागृहात खुर्च्या अशा मऊ होत्या की बसलं की माणूस खाली जायचा आणि टेबल छातीला लागायचं. समोर पाण्याचा जग, माइक, आणि 'समुदाय प्रतिनिधी' अशी पाटी. चार दिवस आधी घरी जाड पाकीट यायचं. साठ-सत्तर पानं. पहिल्या खेपेला तिनं दार लावून घेऊन पाकीट फोडलं आणि दीड तासात पान दोनवर पोचली. घाम फुटला. दुसऱ्या दिवशी मावशीनं विचारलं, "वाचलंस सगळं?" आणि ती म्हणाली, "हो." मावशीनं ते पाकीट जेवणाच्या टेबलावर, पाहुण्यांना दिसेल असं ठेवलं. त्यानंतर तिनं पाकिटं फोडणं सोडलं. तिला युक्ती सापडली होती. तिच्या पुढच्या रांगेत ग्रंथपालबाई बसायची. पांढरे केस, करड्या लोकरीचा स्वेटर, उजव्या कोपरावर चामड्याचं ठिगळ. ही बाई हुशार, ही पुस्तकांत जन्म घालवलेली, ही सगळं वाचून येत असणार. अध्यक्षांनी "अनुकूल?" म्हटलं की ठिगळ हलायचं. ठिगळ हललं की ठिणगीनं हात वर करायचा, अर्धा श्वास सोडून, म्हणजे बघून केल्यासारखं वाटत नाही. "काही शंका?" असंही अध्यक्ष विचारायचे, पण पान उलटता उलटता. त्या वेळात फार तर शिंक बसेल, शंका नाही. दोनदा तिनं तोंड उघडलं होतं. दोन्ही वेळा माइकचा लाल दिवा लागला आणि तिला सातवीचा वर्ग दिसला.

सातवीचा वर्ग म्हणजे खिडकीजवळचा तिसरा बाक. धडा मोठ्यानं वाचायची पाळी बाकाबाकानं पुढं यायची, आणि ती बोटांवर मोजायची आपला परिच्छेद कुठला, पाठ करून ठेवायची. त्या दिवशी मधला पोरगा गैरहजर निघाला आणि एक परिच्छेद सरकला. ती उभी राहिली, आणि पाठ केलेलं फडाफडा म्हणून टाकलं. ते आधीच्या पोरीनं नुकतंच वाचलेलं होतं. वर्ग फुटला हसून. बाई हसल्या नाहीत, बाई फक्त म्हणाल्या, "पुढची." पुढची उठली, ही खाली बसली. त्यानंतर तीन वर्षं बाई तिच्यापाशी आल्या की न थांबता म्हणायच्या, "पुढची." शेवटी एक दिवस तिनं खुर्ची उचलून फळ्यावर फेकली आणि दप्तर न घेता घरी आली. लोकांना वाटतं खुर्चीपायी शाळा सुटली. बरंय, वाटू दे. खुर्ची फेकणारी म्हणवून घेणं परवडतं.

ती आणि मावशी कामाला होत्या त्या लाँड्रीत त्या दिवशी बातमी तिच्या आधी पोचली होती. दवाखान्याच्या चादरींचे डोंगर, वाफ, आणि चार लांब टेबलं, प्रत्येक टेबलावर वेगळी भाषा. मुकादमबाई मावशीच्या भाषेतली. ती काही बोलली की इस्त्रीवाली, जिला दोन भाषा यायच्या, ते दुसऱ्या टेबलाला सांगायची. दुसऱ्यावरून तिसऱ्याला, तिसऱ्यावरून चौथ्याला. याला त्या निरोप लावणं म्हणायच्या. निरोप लावताना हात थांबवायचे नाहीत एवढाच नियम. चौथ्या टेबलावरच्या बायका त्यामुळं नेहमी सगळ्यात शेवटी हसायच्या.

"आली बघ आतली," मुकादमबाई म्हणाली. "काय गं, तुझ्या नाकाखाली खिडकी बंद झाली की. झोपली होतीस काय तिथं? खुर्च्या मऊ असतात ऐकलंय."

"माझ्या दिराचा फॉर्म अडकलाय," इस्त्रीवाली म्हणाली. "कुणी कुणी हात वर केले सांग फक्त. एकेकाची नावं घेऊन ये. चादरीसारखं पिळते."

ठिणगीनं चादरीचं टोक धरलं होतं, दुसरं मावशीनं. दोघी मागं सरकत चादर ताणत होत्या, घडी घालायला जवळ येणार होत्या. आणि जवळ यायच्या आत तिच्या तोंडून निघून गेलं, "मी विरोध केला होता. एकटीनं. ते दहा होते, मी काय करणार?"

मावशी घडी घालायला जवळ आली. तिनं आपली टोकं ठिणगीच्या हातात दिली.

निरोप लागला. इस्त्रीवालीनं दुसऱ्या टेबलाला सांगितलं तेव्हा तिचा हात हवेत गेला. तिसऱ्या टेबलावर कुणीतरी मूठ आपटली. चौथ्या टेबलावरची सगळ्यात म्हातारी बाई आधी ऐकत राहिली आणि मग तिनं हातातली उशीची खोळ टाकून टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी कळलं की चौथ्या टेबलापर्यंत पोचताना निरोपातली ठिणगी टेबलावर चढली होती आणि अध्यक्षांचा जग फुटला होता. ती म्हातारी घरी जाताना आली, तिच्या गालाला हात लावून तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. सांगायला मध्ये कुणी नव्हतं. ठिणगीला एक शब्द कळला नाही आणि सगळं कळलं. गाल तासभर भाजत होता. सुटताना मुकादमबाईनं जाहीर करून टाकलं, गुरुवारच्या सभेला सगळ्यांनी जायचं, मागं बघ्यांच्या खुर्च्या असतात, तिथं बसायचं. "तू बोल, आम्ही नुसत्या बघू. एवढ्या जणी बघायला लागल्या की त्यांना खाज सुटेल."

घरी मावशीनं अंगठ्याची पट्टी बदलायला घेतली. वाफेच्या प्रेसचं झाकण पडून अंगठा भाजला होता त्याला तीन आठवडे होत होते. दवाखान्याची पट्टी सारखी सुटते म्हणून मावशी जुन्या पडद्याच्या चिंध्या उकळून बांधायची. पिवळा पडदा, त्याला बारीक पांढरा काठ. त्या सभेच्या दिवशीही दारात थांबवून तिनं नवी पट्टी बांधली होती, म्हणाली होती, चारचौघांत बसायचं, स्वच्छ दिसू दे. आता तिनं जुनी सोडली, मलम लावलं, नवी चिंधी घेतली. पांढरा काठ वर येईल अशी फिरवली. "काठ वर असला की उठून दिसतं," ती म्हणाली. गाठ मारली. "फोटोत बरी आली होती."

मग उठून गॅसकडं गेली आणि भांडी आपटल्याचा आवाजसुद्धा केला नाही. ओरडली असती तर ठिणगीला ओरडता आलं असतं. तिनं खुर्ची शोधली असती, दार शोधलं असतं. पण मावशी पाठमोरी उभी राहून भांडं विसळत होती, आणि लाँड्रीत सगळं ऐकूनही बोलली नव्हती. तिनं आपल्या भाचीचं खोटं चादरीसारखं चार घड्या घालून ठेवून दिलं होतं. ठिणगीला वाटलं, आपल्याला कुणीतरी सोलून ठेवलंय. तिनं टेबलावरचं पाकीट घेतलं, गुरुवारचं, आणि त्याखालचं मागचंही. मागचं अजून बंदच होतं. मावशीनं ते पुसून ठेवलं होतं, धूळ बसू नये म्हणून. त्यात कुठंतरी खिडकीचा विषय होता, विषय चौदा, परिशिष्ट क. तिनं फोडलं. चार दिवसांत ती परिशिष्ट क-च्या तिसऱ्या ओळीपर्यंत गेली.

गुरुवारी दुपारी त्या आल्या. अकरा जणी, पाळी बदलून घेऊन, लाँड्रीच्या साबणाचा वास घेऊन. मागच्या खुर्च्यांवर टेबलांच्याच क्रमानं बसल्या, सवयीनं. मावशी अलीकडच्या टोकाला, चौथ्या टेबलावरची म्हातारी पलीकडच्या. ठिणगी आपल्या पाटीमागं खाली गेली. पाठीवर अकरा जणींची नजर होती, आणि ती सगळी प्रेमाची होती, तेच सहन होत नव्हतं. समोर करडा स्वेटर. ठिगळ.

"मागच्या सभेचं इतिवृत्त," अध्यक्ष म्हणाले. मागच्या सभेत जे झालं ते असंच झालं, एवढ्याला हात वर करायचा. सगळ्यात सोपा हात. कारकुनानं भराभर वाचून दाखवलं. "विषय चौदा, खिडकी क्रमांक नऊ, सर्वानुमते मंजूर. बरोबर? अनुकूल?" ठिगळ हललं. हात वर गेले. तिचा हात टेबलाखाली होता, दुसऱ्या हातानं तो घट्ट धरला होता, भाजलेल्या अंगठ्यावरच, आणि ठणका पार कोपरापर्यंत येत होता. दहा हात. अध्यक्षांनी मोजले, थांबले, परत मोजले.

"प्रतिनिधी? इतिवृत्तात काही चूक आहे?"

लाल दिवा लागला. मागं खुर्च्या करकरल्या. मुकादमबाई पुढं सरकली असणार, आता पोरगी पेटते म्हणून. चूक आहे म्हटलं असतं तर चाललं असतं. फोटो होता, पण फोटो पाठमोरा होता. 'मी हात केला नव्हता, तुम्ही खोटं लिहिलंय.' एवढंच ओरडायचं. ओरडायला तर ती आली होती जगात.

"चूक नाही," ती म्हणाली. आवाज माइकमधून आला आणि तिचा वाटला नाही. "माझा हात होता. मी कागद वाचला नव्हता. मला... एवढं वाचता येत नाही. मी पुढच्या बाईंचं बघून हात करते."

कुणीतरी हसलं, नाकातून. ग्रंथपालबाई आजवर कधी मागं वळली नव्हती, ती वळली. तिचे कान लाल झाले होते, आणि ती ठिणगीकडं न बघता पाटीकडं बघत होती. अध्यक्ष पेन टेबलावर ठेवून म्हणाले, "बरं. मग इतिवृत्त बरोबर आहे," आणि पान उलटायला बोट ओलं केलं.

"काय म्हणालीस गं?"

मावशी उभी होती. घरच्या भाषेत बोलत होती, मोठ्यानं, लाँड्रीत बोलतात तशी. "आम्हाला पण सांग. आम्हाला काही कळलं नाही."

कळलं नाही! सगळ्यांत जिला आधीपासून माहीत होतं ती विचारत होती. ठिणगी उठली, खुर्ची मऊ म्हणून दोनदा उठावं लागलं, आणि वळली. कचेरीच्या भाषेत ते सांगताना शब्द कुणाचेतरी उसने घेतल्यासारखे होते. आता घरचे शब्द लागणार होते. ज्या शब्दांनी तिला भरवलं होतं, निजवलं होतं, रागावलं होतं, तेच. "मी विरोध केला नव्हता," ती म्हणाली. "खोटं बोलले. खिडकी बंद करायला माझाही हात होता. वाचता येत नाही म्हणून विचारलं नाही. लाज वाटली." आणि पट्टीचा हात वर करून दाखवला, कशाला ते तिलाही कळलं नाही.

मावशी खाली बसली. मुकादमबाईचं तोंड उघडं राहिलं. मग इस्त्रीवालीनं मान वळवली आणि दुसऱ्या टेबलाला निरोप लावला. ठिणगी बघत राहिली. दुसऱ्या भाषेत गेलं, तिसऱ्या भाषेत गेलं. तिचं ते उघडंनागडं वाक्य खुर्चीखुर्चीनं पुढं सरकत होतं आणि तिला ते थांबवता येत नव्हतं. कुणी मूठ आपटली नाही. कुणी हात हवेत नेला नाही. जेवढं तिनं सांगितलं तेवढंच प्रत्येकीच्या तोंडून निघत होतं, तेवढंच आखूड. म्हातारीपर्यंत पोचलं. म्हातारीनं ऐकलं, आणि जो हात गालाला लावला होता तो मांडीवर उपडा ठेवला.

"सभेचं काम चालू आहे," अध्यक्ष म्हणाले. "विषय मंजूर झालेला आहे. सदस्याला परत काढायचा असेल तर परिशिष्ट वाचून, कुठल्या कलमाला हरकत ते सांगावं लागतं. घरी वाचून पुढच्या वेळी या. पुढचा विषय."

पुढचा. हात खुर्चीच्या पाठीवर गेला, आणि खुर्ची हलली सुद्धा. पुढच्या सभेपर्यंत महिना संपणार होता. "आत्ता वाचते," ती म्हणाली.

"इथं?"

"मोठ्यानं."

तिनं परिशिष्ट क काढलं. चुरगळलेलं, चहाचा डाग पडलेलं. बोट ठेवलं, पिवळ्या पट्टीचं, काठ वर. मुंग्या हलायला लागल्या. "प्र," ती म्हणाली. "प्रभा... प्रभागातील." परत ते नाकातलं हसू आलं. कानशिलं पेटली होती, डोळ्यांत पाणी जमत होतं, आणि पाण्यानं अक्षरं आणखी हलत होती. "प्रभागातील," तिनं परत म्हटलं, आणि मान न वळवता घरच्या भाषेत सांगितलं. मागून इस्त्रीवालीचा आवाज आला, मग तिच्या पलीकडचा, मग त्याच्याही पलीकडचा. एक शब्द चार भाषांतून म्हातारीपर्यंत जायला वेळ लागत होता. अध्यक्ष घड्याळ बघत होते. शब्द पोचेपर्यंत तिचं बोट पुढच्या शब्दावर गेलं होतं आणि तो तिला जवळजवळ दिसला होता.

"भाषा," तिनं वाचलं. आणि थांबली, मागचं पोचू दे म्हणून.